मी नाशिकचा

"तू कुठला?" असं त्यांनी विचारलं तेव्हा माझ्या एका हातात चहाचा कागदी पेला होता, दुसऱ्या हातात चीज-कांद्याची गरम पाय होती आणि जिभेवर खोटं तयार होतं.

"नाशिकचा," मी म्हणालो.

पुण्यात जन्मलेल्या, पुण्यातच वाढलेल्या आणि पुण्याबाहेरच्या जगाबद्दल मनातून थोडी कणवच बाळगणाऱ्या माणसाने आपण होऊन स्वतःला नाशिककर म्हणवून घ्यावं, यावरून प्रसंग किती बाका होता ते कळावं. नाशिककरांनी राग मानू नये. घाईत दुसरं गाव सुचलं नाही. (आणि त्या पायबद्दल: पीठ मळून, आत सारण भरून भट्टीत भाजलेला तो प्रकार इंग्लंडात फुटबॉल बघताना खायचाच असतो. मराठीत सांगायला गेलं की "सामना बघताना मी पाय खाल्ली" असं काहीतरी भयंकर होतं. माझा इलाज नाही.)

2012 सालचा फेब्रुवारी होता. कंपनीच्या कामासाठी मी सहा महिने मँचेस्टरला होतो. शनिवार-रविवार खायला उठायचे. मँचेस्टर युनायटेडचं तिकीट मिळणं मुश्कील आणि परवडणं त्याहून मुश्कील. मग एका शनिवारी व्हिक्टोरिया स्टेशनवरून लोकल पकडली आणि तासाभराच्या अंतरावरच्या ब्लॅकबर्नला निघालो. तिथला ब्लॅकबर्न रोव्हर्स हा फुटबॉल क्लब मला नावाने माहीत होता, कारण जेमतेम सव्वा वर्षापूर्वी, नोव्हेंबर 2010 मध्ये, आमच्या पुण्याच्या एका कंपनीने तो विकत घेतला होता. कोंबड्या आणि अंडी यांच्या धंद्यातली वेंकीज. किंमत सुमारे दोन कोटी तीस लाख पौंड. त्या दिवशी पुण्यात आम्हा सगळ्यांची छाती कारण नसताना दोन इंच फुगली होती. प्रीमियर लीगमधला, म्हणजे इंग्लंडच्या सर्वोच्च श्रेणीतला, क्लब एखाद्या भारतीय कंपनीने घेण्याची ती पहिलीच वेळ. ऑफिसात एकाने "ज्यांनी आपल्यावर दीडशे वर्षं राज्य केलं..." असं भाषणही सुरू केलं होतं. 2011 च्या ऑक्टोबरात तो संघ बालेवाडीला येऊन पुणे एफसीशी मैत्रीचा सामना खेळून गेला, तेव्हा मी तिथे टाळ्या वाजवायला हजर होतो. आपला संघ नक्की कुठला मानायचा याचा गोंधळ स्टेडियमभर पसरलेला होता.

त्यामुळे ब्लॅकबर्नला गेल्यावर "मी पुण्याचा" म्हटलं की लोक चहा पाजतील, अशी माझी भाबडी समजूत. इवूड पार्क मैदानाच्या अलीकडच्या रस्त्यावर पहिला फलक दिसला, त्यावर मालकांनी चालतं व्हावं असा मजकूर होता. दुसऱ्यावर तोच मजकूर जरा कमी सभ्य शब्दांत होता. तिसरा वाचेपर्यंत मी नाशिकचा झालो होतो.

*

शेजारच्या खुर्चीवरचे ते आजोबा सत्तरीचे होते. गळ्यात निळा-पांढरा मफलर, तोही इतका धुतलेला की निळ्या-पांढऱ्यातला फरक आता विश्वासावर मानायचा. रिव्हरसाइड नावाच्या, नदीकडच्या स्टँडात त्यांची जागा ठरलेली. स्टँडामागून डार्वेन नदी वाहते. आपल्याकडे तिला ओढा म्हटलं असतं. मला स्वस्तातलं तिकीट म्हणून तिथलं मिळालं होतं, आणि पुढे पाच-सहा सामन्यांना मी मुद्दाम त्यांच्याच आसपासचं मागून घेत राहिलो. ते बोलायचे फार. लँकेशायरी इंग्रजीतलं निम्मं मला कळायचं नाही, उरलेल्या निम्म्यावर हा लेख उभा आहे. घरी येऊन मी पुस्तकं उलटीपालटी करून पाहायचो, तर आजोबांच्या गप्पा बहुतेक खऱ्या निघायच्या. थापा फक्त माझ्या.

पहिल्या दिवशी त्यांनी तलावाची गोष्ट सांगितली. 5 नोव्हेंबर 1875 रोजी गावातल्या सेंट लेजर हॉटेलात सतरा तरुण जमले आणि ब्लॅकबर्न रोव्हर्स नावाचा क्लब काढला. पुढाकार घेणारे दोघे, जॉन लुईस आणि आर्थर कॉन्स्टंटाइन, श्रूजबरी या प्रतिष्ठित शाळेत शिकलेले. म्हणजे आरंभ साहेबी थाटाचा. फक्त साहेबांकडे मैदान नव्हतं. मग ऊझहेड नावाच्या भागातलं एक शेत मिळालं, गुरं चरायची जागा. त्याच्या ऐन मध्यभागी पाण्याचं डबकं. पठ्ठ्यांनी डबक्यावर फळ्या टाकल्या, फळ्यांवर हिरवळीचे गड्डे बसवले आणि खेळायला लागले. इंग्लंडच्या फुटबॉलमधलं एक थोर घराणं असं डबक्यावर उभं राहिलं. पुढे दोन-तीन ठिकाणी बिऱ्हाड हलवत 1890 मध्ये क्लब इवूड पार्कला आला, तो आजतागायत तिथेच आहे.

त्यांची जर्सी पाहिलीत का कधी? अर्धी निळी, अर्धी पांढरी, छातीच्या मधोमध उभी शिवण. दोन ताग्यांचे उरलेले तुकडे जोडून शिंप्याने वेळ मारून नेल्यासारखी. पण गावाचा धंदा ठाऊक असला की ती दुसऱ्या कुठल्या प्रकारची असूच शकत नव्हती असं वाटतं.

कारण ब्लॅकबर्न हे कापडाचं गाव. सूत कातायचं जेनी नावाचं यंत्र जिथे जेम्स हारग्रीव्ह्जने बनवलं, ते ठिकाण गावापासून चालत जाण्याइतकं जवळ. एकोणिसाव्या शतकात इथे गिरण्यांची इतकी दाटी झाली की विणकामाच्या बाबतीत जगात या गावाच्या तोडीचं गाव शोधावं लागे. आणि ते विणायचे काय? हे ऐकून मी हातातली पाय खाली ठेवली. ते धोतरं विणायचे.

"ढूटी," आजोबा म्हणाले. "माझी आई ढूटी विणायची. तिला माहीत नव्हतं ती कुठे नेसतात ते. माणसं नेसतात एवढं माहीत होतं."

ब्लॅकबर्नच्या मागांवर भारतासाठी मैलोन् मैल धोतराचं कापड निघे, रंगीत काठांसकट. आपल्याकडे ते "विलायती" म्हणून येई आणि हातमागाच्या कापडापेक्षा स्वस्त पडे. माझ्या पणजोबांचा एक फोटो घरात आहे: पगडी, उपरणं, धोतर, चेहऱ्यावर कॅमेऱ्याबद्दलचा संशय. तेव्हापासून मला तो फोटो सरळ बघता येत नाही. नजर धोतराच्या काठाकडेच जाते.

आजोबांच्या आईला पन्नाशीच्या आत ऐकू येईनासं झालं होतं. मागांच्या खडखडाटात गिरणीतल्या बायका ओठांच्या हालचालींवर बोलत, त्या भाषेला तिकडे स्वतंत्र नावच आहे. "त्यामुळे मैदानात पंच काय पुटपुटतो ते आई स्टँडातून वाचून सांगायची," ते म्हणाले. या वाक्याची खातरजमा मी केली नाही. करणारही नाही.

*

या क्लबच्या इतिहासातला सगळ्यात रसाळ तुकडा म्हणजे 1880 चं दशक. तिथे मी जरा रेंगाळणार आहे.

तोवर फुटबॉल हा इंग्लंडात मोठ्या घरच्या पोरांचा खेळ होता. एफए कप नावाची स्पर्धा 1871-72 पासून सुरू होती आणि ती जिंकायचे कोण, तर ईटनसारख्या शाळांचे माजी विद्यार्थी, लष्करी अधिकारी, बॅरिस्टर. पैसे घेऊन खेळणं त्यांना ओंगळ वाटे. वाटणारच. शनिवारी दुपारी खेळलं म्हणून कुणाची मजुरी बुडत नव्हती. गिरणीत माग चालवणाऱ्या माणसाला मात्र सामन्यासाठी लंडनला जायचं तर खाडा, खाडा म्हणजे पगारात कात्री. मग लँकेशायरच्या क्लबांनी चोरीछुपे पैसे द्यायला सुरुवात केली. कुणाला गिरणीत नावापुरती नोकरी, कुणाच्या बुटात नाणी. स्कॉटलंडचे खेळाडू "कामानिमित्त" लँकेशायरला येऊ लागले. फर्गस सूटर नावाचा ग्लासगोकडचा एक पाथरवट आधी शेजारच्या डार्वेनला आला, तिथून 1880 मध्ये रोव्हर्सकडे. आल्या आल्या त्याने पाथरवटाचं काम सोडलं. कारण काय, तर म्हणे इंग्लंडचा दगड फार कठीण! त्या कारणाला मी मनापासून दाद देतो. आमच्याकडे रजेच्या अर्जांत इतकी प्रतिभा दिसत नाही.

1882 मध्ये रोव्हर्स एफए कपच्या अंतिम सामन्यात पोचले. लंडनबाहेरच्या एका गिरणीगावाचा संघ, समोर ओल्ड ईटोनियन्स. 1-0 ने हरले. पुढच्याच वर्षी, 1883 मध्ये, ब्लॅकबर्नचाच संघ पुन्हा अंतिम फेरीत होता, पण हा रोव्हर्स नव्हे. हा ब्लॅकबर्न ऑलिंपिक, त्याच गावातला अधिक गरीब भाऊ. संघात विणकर, सूत कातणारे, ओतकामवाले, एक नळकाम करणारा, एक दातांच्या डॉक्टरचा मदतनीस. ओतशाळेच्या एका मालकाने खर्च उचलला आणि सामन्याआधी संघाला ब्लॅकपूलच्या समुद्रकाठी सरावाला नेलं. असा सराव ही तेव्हा नवलाची गोष्ट होती. दिनक्रम असा: पहाटे पोर्ट वाइनचा पेला आणि दोन कच्ची अंडी, मग वाळूवर फिरणं, मग लापशी आणि मासे. (कच्च्या अंड्यांपाशी मी थबकलो. "संडे हो या मंडे, रोज खाओ अंडे" ही जाहिरात ज्या अंडे समन्वय समितीची, तिचे संस्थापक डॉ. बी. व्ही. राव हेच आमच्या त्या पुण्याच्या कंपनीचेही संस्थापक. त्या जाहिरातीच्या शंभरेक वर्षं आधी ब्लॅकबर्नला जाहिरातीशिवायच पटलेलं होतं.)

ऑलिंपिकने ओल्ड ईटोनियन्सना जादा वेळेत 2-1 असं हरवलं. विजयी गोल जिमी कॉस्टली नावाच्या सूत कातणाऱ्या पोराचा. त्यानंतर साहेबांच्या कुठल्याही माजी विद्यार्थी संघाने तो कप पुन्हा जिंकला नाही. एका दुपारीत खेळाची मालकी बदलली. आपल्याकडे क्रिकेटमध्ये पळवणकर बाळू नावाचा चर्मकार समाजातला गोलंदाज विकेटा काढायला लागला, तेव्हा पेल्याचा विटाळ मानणाऱ्यांची जी पंचाईत झाली, तिची आठवण मला इथे येते. दोन्हीकडची उतरंड वेगळी, पण ओशाळलेले चेहरे सारखेच असणार.

मग रोव्हर्सची पाळी. 1884, 1885, 1886: सलग तीन वर्षं कप. त्याबद्दल त्यांना चांदीची खास ढाल मिळाली. 1884 च्या सामन्याला लंडनमध्ये ब्लॅकबर्नचे पाठीराखे उतरले, तेव्हा तिथल्या एका वर्तमानपत्राने त्यांचं वर्णन गबाळ्या कपड्यांची, चमत्कारिक शिव्या देणारी उत्तरेकडची टोळधाड असं केलं. आजोबांना ते इंग्रजी वाक्य तोंडपाठ होतं. अपमान इतका जुना झाला की त्याचं बिरुद होतं. 1885 च्या जुलैत फुटबॉल संघटनेने अखेर हात टेकले आणि पैसे घेऊन खेळणं रीतसर मान्य केलं. लँकेशायरच्या क्लबांनी वेगळी चूल मांडायची धमकीच दिली होती. 1888 मध्ये बारा क्लबांची लीग सुरू झाली, त्यातले सहा एकट्या लँकेशायरचे, त्यात रोव्हर्स. ऑलिंपिकला मात्र नव्या हिशेबात पगार परवडेनात. 1889 मध्ये तो क्लब मिटला. ज्यांनी दार फोडलं ते उंबऱ्यातच राहिले.

आणखी एक गोष्ट सांगतो आणि या काळातून बाहेर पडतो. डिसेंबर 1891, बर्नलीशी सामना. बर्नली म्हणजे शेजारगाव, आणि शेजारगावांचं जे असतं ते. कडाक्याची थंडी, हिमवादळ, रोव्हर्स 3-0 ने मागे. दोन्हीकडचा एकेक खेळाडू हातघाईवर आला म्हणून बाहेर काढला गेला, तर त्याच्यामागून रोव्हर्सचे बाकीचे सगळे गडी थंडीला कंटाळून निघून गेले. उरला एकटा गोलरक्षक, हर्बी आर्थर. समोर बर्नलीचा संघ. त्यांनी चेंडू घेऊन चाल केली, तर या बहाद्दराने हात वर करून ऑफसाइडची, म्हणजे ते नियम मोडून पुढे घुसल्याची, दाद मागितली. आणि पंचांनी ती दिली! मग फ्री किक घ्यायला तो इतका वेळ लावत बसला, की पंचांनी सामनाच रद्द केला. ही गोष्ट सांगताना आजोबा हर्बी आर्थरचा हात वर करून दाखवत आणि पुढच्या रांगेतला माणूस दर वेळी मागे वळून हसे. त्याने ती माझ्याहून जास्त वेळा ऐकली असणार.

*

1890 आणि 1891 मध्ये पुन्हा कप, 1912 आणि 1914 मध्ये लीगचं विजेतेपद, 1928 मध्ये सहावा कप. इथवर आलेख चढता. मग तो गावासोबत उतरत गेला, आणि ते उतरणं समजून घ्यायचं तर ब्लॅकबर्नहून मुंबईला यावं लागतं.

पुण्यात मंडईपाशी बाबू गेनूंच्या नावाचा चौक आहे. लहानपणी मला तो फक्त गणपतीच्या मांडवामुळे माहीत होता. आंबेगाव तालुक्यातल्या महाळुंगे पडवळचा हा मुलगा मुंबईत गिरणी कामगार होता. 12 डिसेंबर 1930 रोजी काळबादेवीत विलायती कापड भरलेला ट्रक अडवायला तो रस्त्यावर आडवा झाला आणि ट्रक त्याच्यावरून गेला. त्या ट्रकमधलं कापड कुठल्या गावच्या मागावरचं होतं, हे सांगता येणार नाही. लँकेशायरचं असेल तर ब्लॅकबर्नपासून फार लांबचं नसणार.

त्याच सुमारास ब्लॅकबर्नच्या गिरण्या पटापट बंद पडत होत्या. जागतिक मंदी, जपानी कापड, मुंबई-अहमदाबादच्या गिरण्या, आणि वरून बहिष्कार. सप्टेंबर 1931 मध्ये गोलमेज परिषदेसाठी आलेले गांधीजी मुद्दाम इकडे आले आणि डार्वेनच्या स्प्रिंग व्हेलमध्ये राहिले. ज्यांच्या पोटावर त्यांच्या चळवळीने पाय दिला, त्याच लोकांत. ग्रीनफील्ड मिलच्या कामगार बायका त्यांच्याभोवती हात उंचावून जल्लोष करताहेत, असा फोटो तुम्ही पाहिला असेल. तुमच्याकडे तीस लाख बेकार आहेत, आमच्याकडे अर्धं वर्ष काम नसलेले तीस कोटी, असं त्यांनी सांगितलं. बायकांनी तरीही जल्लोष का केला, हा प्रश्न मी आजोबांना विचारला होता. ते म्हणाले, "आमच्या इथे येऊन तोंडावर सांगितलं ना त्याने. लंडनचे मंत्री तेवढंही करत नव्हते." थोडं थांबून म्हणाले, "तुमचे मालक तर सामन्यालाही येत नाहीत."

"तुमचे" या शब्दावर मी दचकलो. पण त्यांना भारतीय म्हणायचं असावं, असं मी स्वतःला समजावलं. मी नाशिकचा होतो.

मँचेस्टरहून येताना गाडी डार्वेनमधून जाते. तिथे विटांचं, इटलीतल्या घंटाघरासारखं नक्षीदार धुराडं दिसतं, तीनशे तीन फूट उंच. गिरणीचं नाव इंडिया मिल. पहिल्या दिवशी ते पाहून मी डब्यात एकटाच मोठ्याने हसलो होतो. नंतरच्या खेपांना हसू आलं नाही.

युद्धानंतर उरलेल्या गिरण्यांना रात्रपाळीला माणसं मिळेनात, तेव्हा पाकिस्तानातून आणि आपल्या भरूच-सुरतेकडून मंडळी आली. ज्यांच्यासाठी कापड विणलं जाई त्यांच्याच नातवंडांनी येऊन माग चालवले, आणि थोड्या वर्षांत मागही थांबले. माणसं राहिली. आज गावात त्यांची मोठी वस्ती आहे. इवूडच्या स्टँडांत मात्र 2012 मध्ये मला तसे चेहरे अगदी मोजके दिसत. आजोबा माझ्याशी पहिल्या दिवशी आपणहून बोलले, त्याचं कारणही बहुधा तेच होतं.

मधली वर्षं पटकन सांगून टाकतो, कारण त्यांत सांगण्यासारखं फारसं नाही. 1960 मध्ये एफए कपच्या अंतिम सामन्यात हार. त्यात रोव्हर्सच्या डेव्ह व्हीलन या खेळाडूचा पाय मोडला. हे नाव लक्षात ठेवा. 1966 मध्ये पहिल्या श्रेणीतून घसरण, आणि मग सव्वीस वर्षं खालीच. त्यात तिसऱ्या श्रेणीचाही मुक्काम. आजोबांची सगळी उमेदीची वर्षं यात गेली. "लग्न झालं, तीन मुलं झाली, ती शिकून निघून गेली, आणि आम्ही दुसऱ्या श्रेणीतच," ते म्हणाले.

*

मग जॅक वॉकर आले. याच गावातला, याच स्टँडात वाढलेला माणूस. वडिलांचा पत्र्याचा छोटा धंदा भावासोबत वाढवत त्यांनी पोलादाचं साम्राज्य उभं केलं आणि ते ब्रिटिश स्टीलला तीस कोटी पौंडांहून जास्त किमतीला विकलं. आम्ही बसायचो त्या रिव्हरसाइड स्टँडचं पोलादही त्यांचंच. 1991 मध्ये त्यांनी क्लब हाती घेतला. त्याच वर्षी केनी डॅलग्लिशसारखा नामवंत व्यवस्थापक दुसऱ्या श्रेणीतल्या क्लबकडे आणला, 1992 मध्ये संघ वर चढला, ॲलन शिअरर आला, तोही ब्रिटिश विक्रमी किमतीला. गल्ल्यांतली चाळवजा घरं विकत घेऊन मैदानाचे तीन स्टँड नव्याने बांधले. आसनं एकतीस हजारांवर, आणि गावाची वस्ती सव्वा लाखाच्या आसपास. म्हणजे दर चार माणसांमागे एक खुर्ची. पाळण्यातल्या पोरांसकट.

पैशाने यश विकत घेतलं, अशी टीका तेव्हा झाली. खरीच होती. पण 1880 च्या दशकात लंडनवाले हेच म्हणत होते, आणि आता मोठमोठी राष्ट्रं क्लब विकत घेतात तेव्हा वॉकरांचा पैसा अगदी घरगुती, डब्यातल्या साठवणीसारखा वाटतो.

14 मे 1995. मोसमातला शेवटचा दिवस, लिव्हरपूलच्या मैदानावर सामना. रोव्हर्स जिंकले तर विजेते. शिअररने गोल केला, मग लिव्हरपूलने बरोबरी केली, आणि अगदी शेवटच्या क्षणी जेमी रेडनॅपच्या फ्री किकवर रोव्हर्स 2-1 ने हरले. पण तिकडे लंडनला मँचेस्टर युनायटेडला वेस्ट हॅमविरुद्ध 1-1 च्या पुढे सरकता आलं नव्हतं. 89 विरुद्ध 88 गुण. हरून विजेते! 81 वर्षांनी. आजोबा त्या दिवशी तिथे होते. "गोल बसला तेव्हा मी रडलो, आणि मिनिटभरात वेगळ्या कारणाने रडलो, त्यामुळे रुमाल एकच पुरला."

पुढच्याच वर्षी शिअरर दीड कोटी पौंडांना, म्हणजे तेव्हाच्या जागतिक विक्रमी किमतीला, न्यूकॅसलला गेला. 1999 मध्ये संघ पुन्हा खाली. ऑगस्ट 2000 मध्ये वॉकर गेले. त्यांच्या पश्चात 2001 मध्ये संघ वर आला, 2002 मध्ये टॉटनहॅमला हरवून लीग कपही जिंकला. वॉकरांचा पुतळा मैदानाबाहेर आहे. सामन्याला जाताना आजोबा त्याच्यासमोर टोपी काढत नसत, फक्त मान डोलवत, ओळखीच्या दुकानदाराला डोलवतात तशी.

त्या घरच्या माणसाच्या विश्वस्त निधीकडून क्लब पुण्याला आला, ही पार्श्वभूमी आम्हा छाती फुगवणाऱ्यांना कुठे माहीत होती?

महिन्याभरात, डिसेंबर 2010 मध्ये, अनुभवी व्यवस्थापक सॅम ॲलर्डाइस यांना काढलं गेलं, संघ तेराव्या क्रमांकावर ठीकठाक असताना. त्यांच्या जागी स्टीव्ह कीन. त्याचे परिणाम मी स्टँडात बसून पाहिले: शिट्ट्या, फलक, आणि त्याहून वाईट म्हणजे रिकाम्या खुर्च्या. मालकांची बाजूही आहे. या कुटुंबाने पुढे वर्षानुवर्षं तोटा भरून काढण्यासाठी क्लबमध्ये कोट्यवधी पौंड ओतले. लुटून नेलं असं कुणी म्हणू शकणार नाही. पण पुण्यात बसून लँकेशायरचं गाव चालवता येत नाही, आणि लंडनमध्ये बसून पुणं चालवणाऱ्यांबद्दल आपण शाळेत काय शिकलो ते आठवून मला त्या खुर्चीत फार अवघड होई.

*

7 मे 2012, सोमवार, सुट्टीची संध्याकाळ. माझा परतीचा आठवडा. समोर विगन. हरलो तर प्रीमियर लीगमधून बाहेर. पाऊस असा, की सिंहगडावर जुलैत पडतो तसा, आडवा. सामना सुरू होऊन थोडा वेळ झाला असेल-नसेल, कुणीतरी मैदानात एक जिवंत कोंबडी सोडली, अंगावर रोव्हर्सचं कापड गुंडाळलेली. ती बिचारी चिंब भिजून गोलपाशी तुरुतुरु फिरत होती. सगळं स्टेडियम हसलं. मीही हसलो, आणि हसताना मला जाणवलं, की इतक्या हजार लोकांत त्या विनोदाचा विषय असलेला बहुधा मीच एकटा.

87 व्या मिनिटाला कॉर्नरवरून विगनच्या अल्काराझचं हेडर. 0-1. संपलं. विगनच्या बाजूला कॅमेरे ज्या म्हाताऱ्या मालकाला शोधत होते, ते डेव्ह व्हीलन, 1960 मध्ये रोव्हर्सच्या जर्सीत पाय मोडून घेतलेले. आजोबांनी ते मला दाखवलं आणि म्हणाले, "तो आपलाच." त्यात राग नव्हता.

बाहेर पडताना आम्ही पुतळ्यापाशी थांबलो. पाऊस आमच्या दोघांच्या कॉलरमधून आत जात होता. परवा निघायचं होतं, पुन्हा भेट होईल अशी शक्यता नव्हती. मी म्हणालो, "मी नाशिकचा नाही. पुण्याचा आहे."

ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "माहितीये. तिसऱ्या सामन्याला फोनवर बोलत होतास. पुणे, पुणे, पाच वेळा म्हणालास. हा शब्द या गावात आता बहिऱ्यालाही ऐकू येतो."

"मग बोलला का नाहीत?"

"तुला नाशिकचं राहायचं होतं ना." त्यांनी मफलर पिळला. "परत गेलास की तिकडे सांग. म्हणावं, आम्ही इथेच आहोत. एवढंच."

*

त्यानंतर रोव्हर्स वर आलेले नाहीत. 2017 मध्ये तर तिसऱ्या श्रेणीतही जाऊन आले. पुढच्या वर्षी व्यवस्थापक टोनी मोब्रे यांनी संघ पुन्हा दुसऱ्या श्रेणीत चढवला. मधल्या काळात इकडे भारतात सुरू असलेल्या चौकशीमुळे मालकांना क्लबला पैसे पाठवायला दिल्ली उच्च न्यायालयाची परवानगी मागावी लागली. विणकरांच्या त्या क्लबचा खर्च दिल्लीच्या कोर्टात मंजूर होत होता, हे गांधीजींना सांगायला हवं होतं. मे 2022 मध्ये इवूड पार्कच्या हिरवळीवर ईदची नमाज झाली, इंग्लंडमधल्या फुटबॉल क्लबच्या मैदानावर पहिल्यांदाच. त्या फोटोत मी रिव्हरसाइड स्टँड शोधला. रिकामा होता, पण होता. ॲडम व्हार्टन हा गावातलाच पोरगा क्लबमधून तयार होऊन विकला गेला आणि इंग्लंडकडून खेळलाही.

शनिवारी संध्याकाळी मी अजून स्कोअर बघतो. उन्हाळ्यात साडेसातला, हिवाळ्यात साडेआठला. बायको विचारते, "जिंकले का तुमचे?" आणि "तुमचे" म्हणजे मालक की ते, हे मी आता विचारत नाही.

निरोपाचं मात्र राहून गेलं होतं. कंपनीचं ऑफिस सिंहगड रस्त्यावर, माझ्या येण्या-जाण्याच्या वाटेत. इतक्या वर्षांत शेकडो वेळा समोरून गेलो असेन. गेल्या वर्षी नोव्हेंबरात, क्लबला दीडशे वर्षं झाली त्या आठवड्यातल्या रविवारी, तिथून जाताना गाडी कडेला लावली आणि फाटकापाशी गेलो. सगळं बंद होतं. वॉचमन खुर्चीवर बसून डबा खात होता.

"कोण पाहिजे?"

"कोणी नाही," मी म्हणालो. "ब्लॅकबर्नहून एक निरोप होता."

त्याने माझ्या रिकाम्या हातांकडे पाहिलं.

"कुरिअर असेल तर सोमवारी या," तो म्हणाला.